वेल्श पूर्वजांचा माग: घर, चॅपल आणि थडगं

वेल्समध्ये जोन्स शोधायला निघालात तर जोन्स ढिगानं सापडतात, तुमचे जोन्स सापडत नाहीत. १८८१ ची जनगणना उघडून ‘जॉन जोन्स’ टाकून बघा. एकेका काउंटीत इतके जॉन जोन्स निघतात की पहिल्याच संध्याकाळी माणूस हात टेकतो. जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, थॉमस अशी मोजकी आडनावं, आणि जॉन, डेव्हिड, मेरी, ॲन, मार्गारेट अशी मोजकीच पाळण्यातली नावं. त्यामुळे इथे नावाच्या मागे लागून काही हाती लागत नाही. घर शोधायचं, आणि त्या घरातली माणसं रविवारी कुठल्या चॅपलला, म्हणजे अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या प्रार्थनाघराला, जायची ते शोधायचं. या दोन गोष्टी कळल्या की माणूस ओळखू येतो, आणि तो कुठे पुरला हेही बहुतेक वेळा कळतं.

लग्नामुळे वेल्श घराशी नातं जुळलेल्या मराठी मंडळींसाठी मी हे लिहिते आहे. मीही अशाच घरात सून म्हणून आले. मुलं मोठी झाली की दोन्हीकडच्या आजोळाबद्दल विचारतात. आपल्याकडचं सांगायला घरात कोणीतरी असतं, तिकडचं मात्र कागदातून उकरून काढावं लागतं. ते कसं काढायचं, ते क्रमानं सांगते.

आधी आडनावाचा घोळ समजून घ्या

जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागायचं, मध्ये ‘ॲप’. बापाचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर ‘ॲब’. मुलीसाठी ‘वेर्ख’, म्हणजे अमक्याची लेक. आपल्या नावातून आडनाव काढून टाकलं आणि फक्त स्वतःचं व वडिलांचं नाव ठेवलं तर जे उरेल, तसंच ते होतं. पिढी बदलली की नावाचा मागचा भागही बदलायचा. रॉबर्टचा मुलगा ह्यू हा ‘ह्यू ॲप रॉबर्ट’, आणि त्याचा मुलगा जॉन ‘जॉन ॲप ह्यू’. पुढे इंग्रजी कारभारात नावं कायम होत गेली तेव्हा हे ‘ॲप’ पुढच्या नावाला चिकटलं: ॲप हायवेलचं पॉवेल, ॲप रीसचं प्राइस, ॲप हॅरीचं पॅरी, ॲप ह्यूचं प्यू, ॲप रिचर्डचं प्रिचर्ड, ॲब ओवेनचं बोवेन, ॲब इव्हानचं बेव्हन.

हा बदल सगळीकडे एकाच वेळी झाला नाही. जमीनदार घराण्यांनी आडनाव लवकर घेतलं, गरीब शेतकऱ्यांनी फार उशिरा. वायव्य वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही बापाच्या नावावरून मुलाचं आडनाव ठरलेलं दिसतं. म्हणून १८०० च्या मागे जाताना ‘आपलं आडनाव इव्हान्स, म्हणजे पणजोबांचे वडीलही इव्हान्सच’ असं गृहीत धरू नका. ते इव्हान थॉमस असू शकतात. आणखी एक, जे मला फार आवडतं: जुन्या नोंदींत आणि थडग्यांवर लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव पुष्कळदा तसंच राहिलेलं असतं. नवरा विल्यम रॉबर्ट्स आणि शेजारी बायको कॅथरीन ओवेन असं दिसलं तर ती परकी बाई समजून पुढे जाऊ नका.

घरातल्या पेट्या उघडा

इंटरनेटआधी घर. सासरच्या वडीलधाऱ्यांपैकी जी सगळ्यात वयस्कर व्यक्ती असेल तिच्याशी निवांत बोला. ‘तुमच्या पूर्वजांबद्दल सांगा’ असं विचारलं तर फारसं काही निघत नाही. ‘लहानपणी फुलं ठेवायला कुठल्या थडग्यावर जायचा?’ असं विचारलं की गोष्टी सुरू होतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी थडगी साफ करून फुलांनी सजवायची रीत दक्षिण वेल्समध्ये होती. त्यामुळे कुठल्या दफनभूमीत जायचं हे त्या पिढीला पाठ असतं.

कपाटात बायबल असेल तर पहिली आणि मधली पानं बघा. जन्म-मृत्यू तिथे लिहून ठेवायची पद्धत होती. काळी किनार असलेली छोटी शोकपत्रकं मिळाली तर सोनं समजा. माणसाचं नाव, वय, मृत्यूची तारीख, घराचं नाव आणि दफन कुठे झालं हे सगळं त्या एका कार्डावर असतं. थडग्याच्या जागेच्या खरेदीचा कागद, चॅपलचा छापील वार्षिक अहवाल, संडे स्कूलचं बक्षीस म्हणून मिळालेलं पुस्तक, यातलं काहीही फेकू नका. वार्षिक अहवालात सभासदांची नावं आणि कोणी किती वर्गणी दिली ते छापलेलं असतं, बहुतेक वेळा घराच्या पत्त्यासकट.

प्रत्येक माणसासाठी एक पान करा. त्यावर नावाच्या आधी घराचं किंवा शेताचं नाव लिहा. पँटग्लास, टी माउर, पेनरिउ अशी नावं दिसतील. अशी नावं अनेक गावांत सापडतात, म्हणून त्याच्याबरोबर पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव हवंच. पॅरिशच्या नावांतही गोंधळ आहे. ल्लानव्हिहँगेल म्हणजे संत मायकेलचं चर्च, आणि या नावाची गावं वेल्सभर आहेत. ल्लानव्हाइरचंही तसंच. मागचा शब्द पूर्ण मिळाल्याशिवाय समाधान मानू नका.

मग सरकारी दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, आणि दोन्हींची नोंद एकत्रच होते. साउथपोर्टच्या जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जीआरओची, स्वतःची ऑनलाइन सूची आहे. खातं उघडून फुकट शोधता येतं. जुन्या छापील सूचीत जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासून आणि मृत्यूच्या नोंदीत वय १८६६ पासून दिसतं. जीआरओच्या ऑनलाइन सूचीत मात्र दोन्ही पहिल्यापासून घातली आहेत. जोन्स-डेव्हिसच्या गर्दीत हा मोठाच आधार आहे. फ्रीबीएमडी (बीएमडी म्हणजे जन्म, लग्न, मृत्यू) हे संकेतस्थळही फुकट आहे, आणि उत्तरेकडच्या काउंट्यांसाठी नॉर्थ वेल्स बीएमडी जरूर बघा.

तीन दाखल्यांपैकी मी नवख्याला आधी लग्नाचा मागवायला सांगते. त्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, आणि सगळ्यात वरच्या ओळीत लग्न कुठे लागलं ते असतं. चॅपलमध्ये लागलं असेल तर चॅपलचं नाव आणि पंथही तिथेच लिहिलेला असतो. लग्न सहसा मुलीच्या चॅपलमध्ये लागायचं. ती एक ओळ पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली आहे.

मृत्यूच्या दाखल्याकडून अपेक्षा बेतानं ठेवा. त्यावर तारीख, ठिकाण, वय, धंदा, मृत्यूचं कारण आणि खबर देणाऱ्याचं नाव-पत्ता मिळतो. आईवडिलांची नावं मिळत नाहीत. लहान मूल असेल तर बापाचं नाव धंद्याच्या रकान्यात येतं. आणि दफन कुठे झालं हे त्यावर नसतंच. अनेकांची इथेच निराशा होते. तरी खबर देणाऱ्याचं नाव नीट वाचा. तो जावई असेल तर मुलीचं सासरचं आडनाव तुम्हाला आयतं मिळालं.

सूचीत गावाऐवजी नोंदणी जिल्ह्याचं नाव असतं. ऱ्होंडा खोऱ्यात वारलेला खाणकामगार पॉन्टिप्रिड जिल्ह्याखाली सापडतो, ॲबरडेरचा मर्थिर टिडविलखाली. सीमेजवळचे जिल्हे तर वेल्स-इंग्लंडची हद्दच ओलांडतात. त्यामुळे रॅडनरशायरचा माणूस दिसेना तर हेरफर्डच्या बाजूलाही नजर टाका.

जनगणना: घर पक्कं करण्यासाठी

१८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेचे कागद १९२१ पर्यंत खुले आहेत. १८४१ चा कागद तोकडा आहे: मोठ्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, जन्मगाव नाही, नातं नाही. १८५१ पासून जन्माचं पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी नातं येतं, आणि खरा शोध तिथून लागतो. १८९१ पासून वेल्समध्ये भाषेचाही रकाना आहे: वेल्श, इंग्रजी की दोन्ही.

१९११ चा कागद सावकाश वाचा. तो घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं भरलेला आहे, काहींनी वेल्शमध्ये. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती हयात आहेत, किती गेली, हे आकडे त्यात आहेत. ‘आठ जन्मली, पाच हयात’ असं दिसलं की तीन मुलांची थडगी कुठेतरी आहेत. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोललेलंही नसतं. जीआरओच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव आणि जिल्हा टाकून त्या वर्षांतले जन्म काढा, मग त्याच जिल्ह्यातले बालमृत्यू काढा, आणि जोड्या लावा. वेळ लागतो, पण त्या मुलांना नाव परत मिळतं. या सगळ्या शोधात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

१९३१ चे कागद १९४२ मध्ये जळाले आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. मधली पोकळी २९ सप्टेंबर १९३९ ला केलेल्या लोकसंख्येच्या रजिस्टरनं काहीशी भरते; त्यात जन्मतारखा आहेत. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. बाकीच्यांसाठी फाइंडमायपास्ट किंवा अँसेस्ट्री या संकेतस्थळांचं सभासदत्व लागतं, पण वेल्समध्ये राहत असाल तर आधी गावचं वाचनालय गाठा, तिथे बहुधा फुकट बघता येतं. ॲबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९२१ चीही फुकट मिळते.

चर्च की चॅपल?

हा प्रश्न सुटल्याशिवाय दफनाची नोंद शोधू नका. चर्च म्हणजे अँग्लिकन पंथाचं, पॅरिशचं. चॅपल म्हणजे त्यापासून वेगळ्या झालेल्या पंथांचं: कॅल्विनिस्टिक मेथॉडिस्ट, इंडिपेंडंट, बाप्टिस्ट, वेस्लियन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेल्समधले बहुसंख्य लोक चॅपलला जाऊ लागले होते. खाणीच्या एकेका रस्त्यावर तीन-तीन चॅपल असायची. बेथेल, सायन, एबेनेझर, सालेम अशी त्यांची नावं, आणि तीही प्रत्येक गावात पुन्हा पुन्हा. चॅपलच्या नावापुढे पंथ आणि गाव लिहून ठेवा.

मात्र चॅपलला जाणारा चॅपलच्याच अंगणात पुरला असेल असं नाही. कितीतरी चॅपलांना दफनाची जागाच नव्हती. मग त्यांची माणसं पॅरिश चर्चच्या आवारात जायची, आणि १८८० पर्यंत तिथे अँग्लिकन पाद्र्याकडूनच, त्याच्याच विधीनं दफन करावं लागायचं. १८८० च्या कायद्यानं आपल्या पंथाच्या विधीची मुभा दिली. तरी सगळे पाद्री ते मानत नव्हते. १८८८ मध्ये ल्लानव्रॉथेन गावात रॉबर्ट रॉबर्ट्स नावाचा पाटीच्या दगडाच्या खाणीतला वृद्ध कामगार वारला. मुलीच्या शेजारी आपल्याला पुरावं अशी त्याची इच्छा होती. रेक्टरनं, म्हणजे पॅरिशच्या पाद्र्यानं, चॅपलच्या विधीला नकार दिला. एका तरुण वकिलाच्या सल्ल्यानं घरच्यांनी कुलूपबंद आवारात शिरून दफन केलं. खटला लंडनपर्यंत गेला आणि कुटुंब जिंकलं. तो वकील डेव्हिड लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. थडग्याच्या जागेवरून माणसं किती जिवावर उदार व्हायची हे यातून कळतं. तुमच्या कामाचं सांगायचं तर, १८८० नंतरच्या पॅरिश दफन नोंदवहीत समासात त्या कायद्याचा उल्लेख दिसला की ते दफन चॅपलवाल्याचं, असं समजा.

चॅपलच्या स्वतःच्या नोंदवह्यांचं नशीब वेगवेगळं. १८३७ पर्यंतच्या अनेक वह्या सरकारनं मागवून घेतल्या. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ आणि आरजी ८ या क्रमांकांखाली आहेत आणि ऑनलाइनही बघता येतात. त्यात बाप्तिस्मे भरपूर, दफनं कमी. नंतरच्या वह्या काही राष्ट्रीय ग्रंथालयात, काही काउंटीच्या अभिलेखागारात, तर काही चॅपल बंद झालं तेव्हा शेवटच्या सेक्रेटरीच्या घरात राहिल्या. चॅपल कुठे होतं, कुठल्या पंथाचं होतं, आता उभं आहे का, हे कोफ्लाइन या संकेतस्थळावर बघा. वेल्सच्या प्राचीन व ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या रॉयल कमिशनचं ते आहे.

काही दफनभूमी तर पाण्याखाली आहेत. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये ट्रिवेरिन खोऱ्यात धरण भरलं तेव्हा कापेल केलिन हे आख्खं गाव चॅपल आणि थडग्यांसह बुडालं. काही कुटुंबांनी आपली माणसं दुसरीकडे हलवली, बाकीची तिथेच राहिली.

पॅरिशच्या नोंदवह्या

१८३७ च्या मागे गेलं की या वह्या हाच मुख्य आधार. १८१३ पासून दफनासाठी छापील फॉर्म आले. एका पानावर आठ नोंदी, आणि प्रत्येकीत नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही. ‘राहण्याचं ठिकाण’ या रकान्यात पाद्री चांगला असेल तर शेताचं नाव लिहितो, आळशी असेल तर नुसतं ‘हे पॅरिश’. शेताचं नाव मिळालं की जनगणनेतल्या घराशी आणि १८४० च्या आसपासच्या टाइद नकाशांशी (चर्चला द्यायच्या दशमांशाच्या हिशेबासाठी काढलेल्या) ताडून बघा. हे नकाशे राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट उपलब्ध केले आहेत; त्यात शेताचा मालक, कूळ आणि प्रत्येक तुकड्याचं नावसुद्धा सापडतं.

१८१३ आधीची नोंद एका ओळीची. १७३३ पर्यंत ती लॅटिनमध्ये असू शकते. ‘सेपुल्ट’ अशी सुरुवात दिसली की दफन. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे ‘फेब्रुवारी १७२०’ ही नोंद आपल्या हिशेबानं १७२१ ची. वही हरवली किंवा भिजली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला बघा. त्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. वेल्समध्ये १६६० च्या मागच्या वह्या फार थोड्या टिकल्या आहेत, हे आधीच मनाशी धरा.

वह्यांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर आहेत, आणि मूळ वह्या वा त्यांच्या फिल्म काउंटीच्या अभिलेखागारात: कार्डिफला ग्लॅमॉर्गन आर्काइव्ह्ज, एब्बू व्हेलला ग्वेंट, हॅव्हरफर्डवेस्टला पेम्ब्रोकशायर, ल्लानगेव्हनीला अँगलसी. जाण्याआधी कळवा, म्हणजे वही काढून ठेवतात.

म्युनिसिपल दफनभूमी

१८५० च्या दशकात चर्चची आवारं भरून वाहू लागली, कॉलऱ्यानं तर कहर केला होता. १८४९ च्या साथीत वारलेल्यांची वेगळी दफनभूमी ट्रेडेगरजवळ केव्हन गोलाइच्या उघड्या माळावर अजून आहे. मग दफन मंडळं स्थापन झाली आणि गावाबाहेर सार्वजनिक दफनभूमी निघाल्या. कार्डिफची कॅथेज दफनभूमी १८५९ ची, ११० एकरांची. अशा ठिकाणी अँग्लिकन आणि इतर पंथांचे भाग वेगळे आखलेले असतात. थडगं कुठल्या भागात आहे एवढ्यावरूनही पंथ कळतो.

या दफनभूमींच्या वह्या आता स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात आहेत. ईमेल लिहाल तेव्हा पूर्ण नाव, मृत्यूची नक्की तारीख, वय आणि शेवटचा पत्ता द्या. ‘माझे पणजोबा डेव्हिड जोन्स, साधारण १९१० च्या सुमारास’ असं लिहिलंत तर कोणीच काही करू शकणार नाही. उत्तरात विभाग आणि थडग्याचा क्रमांक मिळेल. तिथे थांबू नका. त्याच थडग्यात आणखी कोणाकोणाला पुरलं आणि जागा कोणाच्या नावावर घेतली होती, हे विचारा. एका थडग्यात तीन-चार माणसं खालीवर पुरलेली असतात आणि दगडावर एखाद्याचंच नाव असतं. ज्यांना जागा घेणं परवडलं नाही ते सामायिक थडग्यात गेले, दगडाशिवाय. वहीतली ओळ हीच त्यांची खूण. काही कौन्सिलांच्या वह्या डिसीज्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर चढवलेल्या आहेत. शोधाला शुल्क पडू शकतं, ते आधी विचारून घ्या.

विसाव्या शतकात दफन सापडेना तर दहन झालं असेल. ब्रिटनमध्ये दहनाचा रस्ता वेल्समधूनच मोकळा झाला. डॉ. विल्यम प्राइस यांनी जानेवारी १८८४ मध्ये ल्लानट्रिसंटच्या टेकडीवर आपल्या तान्ह्या मुलाचं दहन करायचा प्रयत्न केला, त्यांच्यावर खटला झाला, आणि दहन बेकायदा नाही असा निकाल कार्डिफला लागला. वेल्समधलं पहिलं दहनगृह मात्र १९२४ चं, पॉन्टिप्रिडजवळ ग्लिनटाफला. त्याआधीच्या माणसासाठी थडगंच शोधा.

आणि खाणीतली माणसं. १४ ऑक्टोबर १९१३ ला सेंगेनिडच्या खाणीत ४३९ कामगार आणि एक बचाव करणारा गेला. अशा दुर्घटनेतली दफनं आसपासच्या अनेक ठिकाणी विखुरलेली असतात. सेंगेनिडची काही माणसं एग्लविसिलानच्या चर्चच्या आवारात आहेत, काही पेनिरहेओलच्या दफनभूमीत. काहींना रेल्वेनं मूळ गावी नेलं. कार्डिगनशायर-कारमार्थनशायरकडून खाणीत आलेल्या माणसाचं थडगं ऱ्होंडात मिळालं नाही तर त्याच्या आईवडिलांच्या चॅपलकडे वळा.

दगड वाचताना

जाण्याआधी त्या भागाच्या कौटुंबिक इतिहास मंडळानं शिलालेख उतरवून घेतलेत का ते बघा. ग्लॅमॉर्गन, डिव्हेड, ग्विनेड, क्लुइड, पोविस, ग्वेंट या सगळ्यांची मंडळं आहेत. चाळीस वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी वाचलेलं आज दगडावर दिसत नसेल, पण त्यांच्या वहीत आहे. फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्ह्जवर फोटो मिळतात. त्यांच्यावर कोणी जोडलेली वंशावळ मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. जोन्स लोकांच्या वंशावळींत परक्याचा आजा सहज शिरतो.

शिलालेख वेल्शमध्ये असेल तर घाबरू नका, पाच-दहा शब्दांत काम भागतं. एक सूत्र: वेल्शमध्ये एक ‘एफ’ म्हणजे ‘व’, दोन ‘एफ’ म्हणजे ‘फ’, आणि ‘डब्ल्यू’ बहुधा ‘उ’. सुरुवातीला ‘एर कोव आम’ किंवा ‘एर सेर्खुस गोव आम’ म्हणजे ‘यांच्या स्मरणार्थ’. ‘माब’ मुलगा, ‘मेर्ख’ मुलगी, ‘ग्वराइग’ पत्नी, ‘प्रीओद’ पती किंवा पत्नी. ‘बी वारू’ म्हणजे वारले. दगडावर अक्षरं दिसतील बी, यू आणि मग एफ, ए, आर, डब्ल्यू. ‘म्लुइद ओइद’ म्हणजे वर्षे वय. ‘मिस’ दिसलं तर महिने, म्हणजे बाळाचं थडगं. ‘हेविद’ म्हणजे ‘तसेच’. हा शब्द दिसला की खाली दुसरं माणूस आहे. ‘इखोद’ म्हणजे ‘वर उल्लेखलेले’.

महिन्यांपैकी मेहेविन जून, गोर्फेनाव जुलै, मेदी सप्टेंबर, हिद्रेव ऑक्टोबर, ताख्वेद नोव्हेंबर आणि ऱ्हागविर डिसेंबर एवढे पाठ करा. उरलेले अंदाजानं कळतात. शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, याचीही सवय करा. ‘मेर्ख’चं ‘वेर्ख’ होतं, आणि ‘मँगोर’ दिसलं तर ते गाव बँगोर. नकाशात ‘म’खाली शोधत बसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, नावाखालची ओळ. बहुतेकदा तिथे घराचं नाव असतं. उत्तरेकडचा पाटीचा दगड शंभर-दीडशे वर्षांनीही काल कोरल्यासारखा वाचता येतो. दक्षिणेकडचा वालुकाश्म पापुद्र्यानं सुटतो. अक्षर दिसेना तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, नाहीतर बाजूनं टॉर्च धरा. तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, शेव्हिंग फोम यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. वेली ओढून काढू नका, त्यांच्याबरोबर दगडाचा पापुद्राही येतो. डळमळीत दगडाला टेकू नका. फोटो काढताना शेजारचे दोन्ही दगडही घ्या, भावकी शेजारी पुरलेली असते.

वर्तमानपत्रं आणि मृत्युपत्रं

राष्ट्रीय ग्रंथालयाचं वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन पूर्णपणे फुकट आहे आणि १९१९ पर्यंत येतं. इथेही नाव टाकण्यापेक्षा घराचं आणि चॅपलचं नाव टाका. पंथांची आपापली साप्ताहिकं होती: मेथॉडिस्टांचं ‘अ गोलाइआद’, बाप्टिस्टांचं ‘सेरेन कम्री’, इंडिपेंडंटांचं ‘अ टिस्ट’. एखाद्या डीकनच्या, म्हणजे चॅपलच्या कारभाऱ्याच्या, अंत्ययात्रेचं वर्णन अर्धा रकाना असू शकतं: कोणी प्रार्थना केली, कोण कुठून आलं, कुठे पुरलं.

वेल्सच्या चर्च न्यायालयांत १८५८ पूर्वी सिद्ध झालेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रं याच ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. जुन्या मृत्युपत्रात माणूस आधी आत्मा देवाला आणि देह कुठल्या पॅरिशच्या मातीला द्यायचा ते लिहितो, मग गाईगुरांची वाटणी करतो. त्यात मुलगे, जावई, नातवंडं यांची नावं मिळतात, तीही बापाच्या नावासह. आडनाव नसलेल्या काळात एवढा पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार?

माणूस भारतात वारला असेल तर

वेल्श रेजिमेंटांतले शिपाई, रेल्वेचे लोक, जहाजांवरचे खलाशी, मिशनरी, असे पुष्कळ वेल्श लोक आपल्याकडे आले आणि इथेच राहिले. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२. त्यांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर मिळतात. फिबिस, म्हणजे फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, यांची सूची फुकट शोधता येते, आणि जुन्या युरोपीय दफनभूमींचं काम बाक्सा ही संस्था करते. खासी टेकड्यांत १८४१ पासून वेल्श मेथॉडिस्टांचं मिशन होतं; त्याची कागदपत्रं ॲबरिस्टविथलाच आहेत.

महायुद्धांत गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ उघडा. नोंदीत आईवडिलांची नावं आणि वेल्समधलं गाव बरेचदा दिलेलं असतं, म्हणजे उलट्या बाजूनंही घर सापडतं. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातली थडगी आहेत. तिथेच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. भारतभरच्या ज्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत थडग्यांची निगा राखणं शक्य राहिलं नाही, तिथल्या सैनिकांची नावं त्यावर आहेत. पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकाला भाग, ओळ आणि थडग्याचा क्रमांक लिहून पाठवा. हे तिन्ही त्या संकेतस्थळावर दिलेले असतात. देवळाली, इगतपुरी, भुसावळ इथल्या जुन्या दफनभूमींसाठी मात्र स्थानिक चर्चकडे आधी विचारणा करा, दफनाची वही कोणाकडे आहे ते कळून घ्या, आणि दगडाचा फोटो काढताना मागची व बाजूची कोरलेली अक्षरंही घ्या. वेल्समधल्या घराचं नाव तिथेही कोरलेलं असू शकतं.